नेमो, नानासाहेब आणि वाफेचा हत्ती



इतिहासावर बोलण्यासाठी कामगार संघटनेचा माणूस बोलावला, तेव्हा चालकांच्या मनात गिरण्यांचे संप, कामगार कायदे असे काही असावे. मी त्यांना ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराचे नाव कळविले. त्यावर एका चालकांनी मला विचारले, "भाऊ, ती तर पोरांची गोष्टींची पुस्तके ना?" पोरांचीच खरी. परंतु पोरांच्या पुस्तकांत जो इतिहास शिरतो तो जन्मभर निघत नाही. म्हणून मोठ्या माणसांनी तो एकदा तपासून घ्यावा, एवढेच माझे आजचे काम.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे लेथवर उभा राहिलो आणि त्यानंतर संघटनेच्या कामात पडलो. जे वाचले ते रात्रपाळीच्या आधी आणि नंतर. पण वाचनाची गोडी लागली ती त्याआधीच, कोरेगाव भीमाच्या शाळेतल्या एका पत्र्याच्या कपाटामुळे. त्या कपाटात भा. रा. भागवतांची पुस्तके होती. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. म्हणजे आमच्या गावाहून सायकल मारीत निघाले तर दुपारपर्यंत पोहोचता येईल अशा गावचा. त्यामुळे तो आम्हांला नातेवाईकच वाटे. त्याच कपाटात भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न होता: 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. तोफेच्या गोळ्यात बसून माणसे चंद्राकडे निघाली, हे मी भीमेच्या काठी बाभळीच्या सावलीत वाचले. घरी आल्यावर म्हशीला पाणी दाखवायचे विसरलो म्हणून जो मार खाल्ला तोही लक्षात आहे.

व्हर्नला मराठीत प्रथम भागवतांनी आणले असे मात्र नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्यांनी दूर कोचीला राहून 'केरळ कोकिळ' नावाचे मराठी मासिक चालविले. त्या मासिकात १९०० च्या सुमारासच व्हर्नची चंद्राची गोष्ट मराठीत क्रमशः येऊ लागली होती. व्हर्न तेव्हा हयात होता. तो वारला १९०५ साली. आमच्या भाषेला विज्ञानकथेचे वारे लागले ते असे मलबारच्या किनाऱ्यावरून. असो.

व्हर्नने आपल्या कादंबऱ्यांची एक मालाच रचली होती. तिचे नाव 'असाधारण प्रवास'. १८६३ पासून मरेपर्यंत, बेचाळीस वर्षे, ती माला चालू होती आणि तिच्यात पन्नासांहून अधिक कादंबऱ्या निघाल्या. एत्झेल नावाचा प्रकाशक त्या आधी आपल्या मुलांच्या मासिकात हप्त्याहप्त्याने छापी आणि मग पुस्तकरूपाने काढी. या मालेतील दोन माणसांविषयी मला आज बोलायचे आहे. दोघेही हिंदी आणि दोघेही १८५७ च्या बंडातले. लेखक एकच, माला एकच, बंडही एकच. परंतु एकाला त्याने देवमाणूस केले आणि दुसऱ्याला राक्षस. मधे अंतर पाच-सहा वर्षांचे. असे का झाले असावे, हा माझा प्रश्न.

पहिला कॅप्टन नेमो. १८६९–७० मध्ये आलेल्या पाणबुडीच्या कादंबरीतला तो नायक. ती कादंबरी मी पुढे तिशीत, इंग्रजी भाषांतरातून, शेजारी शब्दकोश ठेवून वाचली. तिच्यातला एक भाग वाचून मी कारखान्यात लोकांना थांबवून थांबवून सांगत असे. नेमो आपली नॉटिलस बांधतो कशी? एका कारखान्यात नाही. कणा फ्रान्समधल्या क्रूझोचा, पंख्याचा दांडा लंडनचा, पत्रे लिव्हरपूलचे, पंखा ग्लासगोचा, टाक्या पॅरिसच्या, इंजिन प्रशियातील क्रुपचे, पुढचे टोक स्वीडनमधल्या मोटालाचे, मोजमापाची उपकरणे न्यूयॉर्कची. प्रत्येक कारखान्याला नकाशे निराळ्या नावाने गेले. कोण कशासाठी काय घडवीत आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. सगळे भाग एका ओसाड बेटावर आणून त्याने आपल्या माणसांकडून जुळवून घेतले. आता सणसवाडी आणि रांजणगावच्या ज्या मुलाने दहा वर्षे एकच बुशिंग कापले आहे आणि ते कोणत्या गाडीत बसते हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याला ही विज्ञानकथा कशी वाटेल? तो म्हणाला, "हे तर आमचे व्हेंडरचे काम झाले." १८७० साली हे लिहिणाऱ्या माणसाला कारखानदारीची नाडी कळली होती, यात शंका नाही.

हा नेमो कोण, कुठला, हे त्या कादंबरीत व्हर्न सांगत नाही. त्याला कोणत्या तरी बलाढ्य राष्ट्राने देशोधडीला लावले आहे, बायकापोरे गेली आहेत, आणि तो त्या राष्ट्राच्या जहाजांवर सूड घेतो, एवढेच कळते. फक्त एका ठिकाणी पडदा थोडा हलतो. सिंहलद्वीपाजवळ मोत्यांच्या शिंपल्यांच्या जागेवर एक गरीब पाणबुड्या हंगामाच्या आधीच एकटा उतरलेला असतो. पायांत दगड धरायचा, दोरीने खाली जायचे, हाताला लागतील तेवढे शिंपले ओरबाडायचे आणि दम संपायच्या आत वर यायचे, हा त्याचा धंदा. त्याच्यावर शार्क धावून येतो. नेमो हातात खंजीर घेऊन मधे पडतो. त्या माणसाला वाचवून होडीत घातल्यावर तो खिशातून मोत्यांची पिशवी काढून त्याच्या हातावर ठेवतो. आणि नंतर सांगतो की हा मनुष्य पिळल्या गेलेल्या देशातला आहे आणि मीही त्याच देशाचा आहे. तो हे भूगोलाच्या अर्थाने बोलतो की मनाच्या, हे त्या वेळच्या वाचकाला कळणे शक्य नव्हते.

कळणे शक्य नव्हते, कारण खुद्द लेखकाच्या मनात तो हिंदी नव्हताच. नेमो पोलंडचा असावा, असे व्हर्नला वाटत होते. पोलंडमध्ये १८६३ साली रशियाच्या झारविरुद्ध उठाव झाला आणि तो अतिशय निर्दयपणे चिरडला गेला. ती जखम ताजी होती. परंतु एत्झेलने नकार दिला. व्हर्नच्या पुस्तकांना रशियात चांगले गिऱ्हाईक होते, आणि झारच्या आरमाराची जहाजे बुडविणारा नायक तिथे कोण खपवून घेणार? लेखक आणि प्रकाशक यांच्यात पत्रोपत्री पुष्कळ वाद झाला. शेवटी तोड निघाली ती अशी की नेमोला देशच ठेवायचा नाही. नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'कोणी नाही' असा आहे. येथे एत्झेलवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की तो काही नुसता तराजू घेऊन बसलेला वाणी नव्हता. तो प्रजासत्ताकवादी होता आणि १८५१ च्या राज्यक्रांतीनंतर त्याला स्वतःला देश सोडून ब्रसेल्सला राहावे लागले होते. देशोधडीला लागणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. तरी दुकान चालवायचे होते. आम्हा संघटनेच्या माणसांनाही असे भले मालक भेटतात, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याशी भांडणे वाईट मालकाशी भांडण्यापेक्षा अवघड जाते.

पुढे १८७४–७५ मध्ये 'गूढ बेट' ही कादंबरी आली आणि तिच्या शेवटी म्हातारा नेमो मरणशय्येवर आपले नाव सांगतो. तो निघतो राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा पुतण्या! लहानपणी युरोपात शिकायला गेलेला, १८४९ मध्ये तिशीत परत आलेला, १८५७ मध्ये आघाडीवर लढलेला, वीस लढायांत दहा वेळा जखमी झालेला. इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर बक्षीस लावले आणि त्याचे कुटुंब त्या वणव्यात संपले. टिपू म्हैसूरचा, तो पडला १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला. डक्करचा जन्म हिशेबाने १८१९ च्या आसपासचा, तोही बुंदेलखंडात. चुलता-पुतण्यांचे हे नाते कोणत्या भाटाने जुळविले कोण जाणे! परंतु फ्रान्सच्या वाचकाला टिपूचे नाव माहीत होते, कारण टिपू हा फ्रेंचांचा मित्र. त्यामुळे ते तिथे घातले. झारचा शत्रू चालत नव्हता, पण इंग्रजांचा शत्रू फ्रान्समध्ये चालत होता. अशा रीतीने पोलंडचा बंडखोर बाजाराच्या सोयीने हिंदी झाला.

या मरणाच्या प्रसंगातली एक गोष्ट मला फार लागली. नेमोच्या तोंडचा शेवटचा शब्द व्हर्नने हस्तलिखितात लिहिला होता: 'स्वातंत्र्य!' एत्झेलने तो काढायला लावला. छापील पुस्तकात नेमो 'देव आणि देश!' म्हणत मरतो. एका शब्दाचाच तर फरक. पण ज्याने करारनामे वाचले आहेत त्याला एका शब्दाची किंमत विचारा. अनेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची पगारवाढीची बोलणी अकरा बैठका चालली. अखेर ठरले की व्यवस्थापन दर वर्षी अमुक रक्कम देईल. टंकलिखित प्रत सहीला आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सगळ्यांना घरी जायची घाई. 'देईल' या शब्दाच्या जागी 'देण्याचा विचार करील' असे आले होते. मी सही केली. वाचले होते, पण दिसले नाही. दोन वर्षे विचारच चालला. तेव्हापासून शेवटचा शब्द मी बोट ठेवून वाचतो. नेमोचा शेवटचा शब्दही बोट ठेवून वाचण्याजोगा आहे.

आता दुसरा माणूस. १८७९ च्या डिसेंबरपासून १८८० च्या डिसेंबरपर्यंत एत्झेलच्या मासिकात 'वाफेचे घर' ही कादंबरी आली. तिची कल्पना अशी: बँक्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरने भूतानच्या राजासाठी पोलादाचा एक हत्ती बनविलेला असतो. पोटात बाष्पक, सोंडेतून धूर, आणि मागे चाकांवरचे दोन बंगले जोडलेले. राजा मरतो, हत्ती तसाच राहतो, आणि तो घेऊन काही इंग्रज आणि एक फ्रेंच पाहुणा कलकत्त्याहून निघून गया, काशी, प्रयाग, कानपूर अशी सफर करीत हिमालयापर्यंत जातात. एका प्रसंगी एका राजाचे तीन जिवंत हत्ती आणि हा एक लोखंडी हत्ती यांची ओढाताण लागते. ती वाचताना लहान मूल काय, मोठा माणूसही पुस्तक खाली ठेवणार नाही. पोलादी हत्ती नद्यांतून पोहतोसुद्धा. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. तरी रस्त्यावरून चालणाऱ्या यंत्राची ही कल्पना, मोटारगाडी जन्माला येण्याआधीची, त्याने जी रंगविली आहे तिला तोड नाही.

परंतु कादंबरी सुरू होते ती कलकत्त्यात नाही. आपल्याकडे, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. तारीख दिली आहे ६ मार्च १८६७. भिंतीवर एक जाहीरनामा लागलेला आहे: जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंड. कोणाला? 'नबाब धुंडूपंत' याला. सर्वांना माहीत असलेले त्याचे दुसरे नाव कागदाच्या खालच्या कोपऱ्यात होते, आणि तो कोपरा एका फकिराच्या हाताने फाडून टाकलेला आहे. नाव होते नानासाहेब. फकीर तोच.

बंधूंनो, पेशव्याच्या दत्तक मुलाला 'नबाब' म्हटलेले पाहून मला प्रथम हसू आले. मग वाटले, हा धुंडूपंत आपल्या गावापासून किती जवळचा आहे! त्याला दत्तक घेणारा दुसरा बाजीराव १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या पलीकडे नदीच्या काठावर होता. स्टाँटनची आठशेएक माणसांची तुकडी रातोरात शिरूरहून निघून पुण्याकडे येत होती. तिची गाठ पेशव्याच्या वीस हजारांहून मोठ्या फौजेशी पडली. गावाच्या घराघरांतून, गल्ल्यांतून दिवसभर लढाई झाली. फौज मोठी असली तरी प्रत्यक्ष गावात शिरलेले पेशव्यांचे शिपाई दोनएक हजारच असावेत. रात्री पेशव्यांच्या सैन्याने माघार घेतली. इंग्रजांनी पुढे पेरण्याच्या हद्दीत जो स्तंभ उभारला त्यावर पडलेल्यांची ४९ नावे आहेत आणि त्यांपैकी २२ 'नाक' या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि त्या दगडाला निराळाच अर्थ आला. इंग्रजांनी उभारला आपल्या विजयासाठी. परंतु ज्यांना गावात पाणवठ्यावर उभे राहू दिले नव्हते त्यांच्या वारसांना त्या दगडावर आपल्या पूर्वजांची नावे सापडली.

बाजीराव त्यानंतर सहा महिने पळत होता. जून १८१८ मध्ये तो माल्कमच्या हाती आला आणि वर्षाला आठ लाख रुपये तनखा घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, राहू लागला. १८२७ मध्ये त्याने कर्जतजवळच्या वेणगावचा मुलगा दत्तक घेतला. तोच धोंडोपंत, नानासाहेब. १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि कंपनीने तनखा बंद केला. नानासाहेबाने अजीमुल्लाखानाला लंडनला पाठविले, अर्ज केले, काही झाले नाही. पुढे १८५७. २७ जूनला कानपूरच्या सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांवर गोळ्या चालल्या. १५ जुलैला बिबीघरात बायका आणि मुले कापली गेली. ही दुसरी घटना तर कोणत्याही बाजूने पाहिली तरी माणुसकीला काळिमा लावणारीच आहे. मी नानासाहेबाची वकिली करायला उभा नाही. इंग्रजांनी त्यानंतर गावेच्या गावे जाळली आणि शिपायांना तोफेच्या तोंडी दिले, हेही तितकेच खरे. ते व्हर्नने लपविलेले नाही. त्याने त्यासाठी एक अख्खे प्रकरण खर्चले आहे, आणि गोष्टीच्या शेवटी आपल्या इंग्रज कर्नलला नानाकडून तोफेच्या तोंडाशी बांधविलेही आहे.

मग नेमोला जे मिळाले ते नानाला का नाही? माझे उत्तर मी भीत भीत सांगतो, कारण मी पंडित नाही. डक्कर हा राजपुत्र लेखकाने घडविलेला होता. त्याला बायको देता आली, मुले देता आली, ग्रंथालय देता आले, वाजवायला ऑर्गन देता आला. त्याने कोणाला मारले तरी त्यामागचे दुःख आधी दाखविता आले. नानासाहेब खरा होता. त्याचे दुःख कोणी युरोपात छापलेच नव्हते. तिथे पोहोचली होती ती फक्त कानपूरची विहीर. ज्याची बाजू कागदावर आली नाही, त्याचे फक्त कृत्य उरते. व्हर्नच्या नानाला सूडाशिवाय दुसरा विचार नाही. सूडाला कारण पाहिजे म्हणून लेखकाने झाशीच्या राणीला त्याची सहचरी केले आणि ती त्या कर्नलच्या हातून मेल्याचे दाखविले! येथे मात्र मराठी वाचकाला पुस्तक मिटावेसे वाटते. लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडली ती स्वतःच्या राज्यासाठी, कोणाची सहचरी म्हणून नव्हे.

आणि याच वेळी, ज्या वर्षांत व्हर्न आमिआँच्या घरात बसून हे लिहीत होता त्याच सुमारास, इकडे पेणजवळच्या वरसईत एक गरीब भिक्षुक आपल्या आठवणी लिहायला घेणार होता. विष्णुभट गोडसे. घरचे कर्ज फेडायचे म्हणून १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने चुलत्याबरोबर उत्तरेत गेला आणि बंडात सापडला. झाशी लुटली गेली तेव्हा तो आत होता. त्याने राणी पाहिली, जळते शहर पाहिले, मिळविलेले पैसे लुटले गेले ते सोसले. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने ते लिहून काढले आणि 'माझा प्रवास' या नावाने ते छापून आले १९०७ मध्ये. फ्रेंच असाधारण प्रवास आधी छापला गेला, चित्रांसह, अनेक भाषांत. मराठी प्रवास पंचवीसएक वर्षे हस्तलिखितातच राहिला. आधी कोणाचे छापले गेले यावर कोण राक्षस ठरतो हे पुष्कळसे अवलंबून असते.

नानासाहेबाचा शेवट खऱ्या इतिहासात लागत नाही. १८५९ मध्ये तो नेपाळच्या तराईत शिरला आणि नाहीसा झाला. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला नाना म्हणून एक माणूस पकडून इंग्रजांच्या हवाली केला. तो नाना नव्हताच. व्हर्नने हा धागा उचलला असावा, कारण कादंबरीत नानाचा भाऊ मारला जातो आणि इंग्रज समजतात की नाना मेला. शेवटी नाना सापडतो, त्याला पोलादी हत्तीच्या मानेवर बांधतात, बाष्पकाचा दाब वाढवून हत्ती त्याच्याच माणसांवर सोडतात आणि हत्ती फुटतो. प्रेत मात्र मिळत नाही. नाना अजून जिवंत आहे, असे मध्य हिंदुस्थानातले लोक म्हणत राहतात. एवढी एक गोष्ट व्हर्नने लोकांच्या तोंडची घेतली, आणि ती खरी होती.

हे सगळे मला सुचले ते एका विशिष्ट आठवड्यात. १ जानेवारी २०१८ रोजी आमच्या भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एक तरुण मुलगा जिवाला मुकला. ३ तारखेला महाराष्ट्र बंद होता. त्यानंतर कारखाने सुरू झाले तेव्हा कँटीनमध्ये पोरे दोन टोकांना बसू लागली. एकाच मशीनवर पाळी बदलताना 'काय रे' म्हणणारे आता मान खाली घालून जात. दोघांचेही वर्गणीचे पुस्तक माझ्याकडे! एका जेवणाच्या सुट्टीत एकाने सरळ विचारले, "अण्णा, तुम्ही इतके वाचता. एक जानेवारीला कोण जिंकले ते आज सांगून टाका." मी त्या दिवशी लढाईचे काही बोललो नाही. मी त्यांना वाफेच्या हत्तीची गोष्ट सांगितली. फाटलेला जाहीरनामा, तीन हत्तींची ओढाताण, नानाचा भाऊ, फुटलेले बाष्पक. मला वाटले होते की कोणी तरी नानाविषयी विचारील, कोणी रागावेल, कोणी पेशवाईवर येईल. चहा गार झाला. मग फोर्ज शॉपमधला एक जण, जो तोपर्यंत तोंड फिरवून बसला होता, म्हणाला:

"अण्णा, त्या हत्तीच्या पोटात कोळसा कोण टाकत होता?"

मला तेव्हा सांगता आले नाही. घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले. व्हर्नने त्याचे नाव दिले आहे. यांत्रिक इंग्रज आहे, स्टोर नावाचा; आगवाला हिंदी आहे, कालूथ नावाचा. आणि त्याच्याविषयी लेखक एवढेच सांगतो की उन्हाळ्याची उष्णता आणि भट्टीची उष्णता अशा दोन्ही एकदम सोसणाऱ्या जातीचा हा मनुष्य आहे. दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये हे वाचून दाखविले तेव्हा दोन्ही टोकांकडून हसू फुटले. कारण त्याच्या आदल्या मे महिन्यातच फोर्ज शॉपमध्ये पंखे आणि ताक मागायला गेलो होतो, तेव्हा आमच्या समोर बसलेल्या साहेबांनी हेच वाक्य, जात हा शब्द वगळून, आम्हांला ऐकविले होते: "या लोकांना सवय असते."

पंखे पुढच्या उन्हाळ्यात बसले. कालूथ हे नाव मात्र त्या शॉपमध्ये राहिले, नवीन पोरगा भट्टीवर आला की त्याला अजून विचारतात, "काय रे कालूथ, ताक प्यायलास का?"